एक कान वर, एक कान खाली

काशीभाऊ म्हात्रे कामावर येताना उजवा कान वर आणि डावा कान खाली चिकटवून यायचा. चिकटपट्टी औषधाच्या दुकानातली, जखमेवर लावतात ती, मातकट रंगाची. उजवा कान कपाळाकडं ताणलेला, डावा मानेकडं ओढलेला. अशा अवतारात तो सकाळी कासूला गाडीत चढायचा, रोह्याला उतरायचा, कंपनीच्या गेटवर कार्ड पंच करायचा आणि आठ तास इन्स्ट्रुमेंट विभागात प्रेशर गेज दुरुस्त करत बसायचा. पहिल्या दिवशी वॉचमननं त्याला अडवलं. म्हणाला, "फोटोशी जुळत नाय." काशीभाऊ म्हणाला, "फोटो जुना हाय, कान नवे हायत," आणि आत निघून गेला.

मी त्या कंपनीत स्टोअरकीपर होतो. राहणारा पेणचा. माझ्या बोलण्यात थोडी भर असते असं आमच्या घरचे म्हणतात. पण स्टोअरमध्ये भर निघाली तर कुणी विचारत नाही, घट निघाली तर नोकरी जाते. तेव्हा पुढं जे सांगतोय त्यात घट नाही, एवढी हमी मी देतो.

"ओ स्टोअर," काशीभाऊ मला म्हणाला. तो माणसांना खात्याच्या नावानं हाक मारायचा. "घुबडाचे कान असे असतात. एक वर, एक खाली. उंदीर डावीकडं असला तर डाव्या कानाला आवाज आधी पोचतो. हे झालं डावं-उजवं. एक कान वरचं जास्ती ऐकतो, दुसरा खालचं. हे झालं वर-खाली. दोन्ही जुळलं की एक टिंब पडतं. त्या टिंबावर घुबड झडप घालतं. काळोखात, काय दिसत नसताना."

"मग पट्टी लावून तुम्हाला काही फरक पडला का?"

"कान दुखतो," तो म्हणाला. "पण अंदाज येतो."

माणसाच्या कानाबद्दल त्याचं मत वाईट होतं. "माणसाचा कान म्हंजे चष्मा अडकवायची खुंटी," असं तो कुणालाही, अगदी कंपनीत तपासणीला आलेल्या कानाच्या डॉक्टरांनासुद्धा, तोंडावर सांगायचा. गंमत अशी की त्याचा स्वतःचा कान भलता तिखट. पंपाच्या बेअरिंगला ताप आलाय हे तो पंपाला कळायच्या आधी ओळखायचा. कँटीनमध्ये पाठ करून बसला असला तरी कुणाच्या डब्यात भाकरी आणि कुणाच्या चपाती हे मोडतानाच्या आवाजावरून सांगायचा, आणि चपातीवाल्याला कालची आहे हेही सांगायचा. पण त्याचं त्याला काही कौतुक नव्हतं. बोलता बोलता मध्येच एक बोट वर करायचा.

"ऐकलंत?"

"नाही."

"मंग गप बसा."

संध्याकाळी परतताना तो निडीला उतरायचा. निडीला कुणी उतरत नाही, निडीची माणसंसुद्धा नाइलाजानं उतरतात. पण तिथं रुळाकडेच्या मोडक्या केबिनमध्ये पांढऱ्या तोंडाचं एक घुबड राहायचं. काशीभाऊ दोऱ्याला पोह्याच्या पापडाचा तुकडा बांधून गवतातून ओढत राही आणि घुबडाची मान कुठं वळते ते वहीत टिपून ठेवी. घुबड त्याला इतकं ओळखायला लागलं की गाडीला उशीर झाला तर ते केबिनच्या कठड्यावर येऊन फलाटाकडं बघत बसायचं. ही भर नाही, मी स्वतः पाहिलंय. एकदा मी त्याच्याबरोबर उतरलो होतो. पुढच्या गाडीला दोन तास होते आणि फलाटावर बाक एकच होतं. त्या बाकावर मी विचारलं, "काशीभाऊ, हे सगळं कशासाठी?"

तो घुबडाकडं बघतच बोलला.

त्याचं गाव कासूपासून आत, खाडीच्या कडेच्या खारीत. एका अंगाला भाताची शेतं, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये मातीचा बांध. बांध राहिला तर भात, नाही राहिला तर मीठ. प्रत्येक घराला बांधाचा एक तुकडा वाटून दिलेला. उधाणाच्या दिवशी भर दुपारी पाणी बांधाच्या गळ्याशी येतं, तेव्हा घरटी एक माणूस आपापल्या तुकड्यावर पालथा पडतो आणि मातीला कान लावतो. आत उंदीर पोखरत असला, बिळात पाणी शिरत असलं, तर ऐकायचं, तिथं फावडं मारायचं, बीळ फोडून चिखल कोंबायचा. ऐकायचं राहिलं तर खांड जाते. म्हणजे बांध फुटतो.

चौदा वर्षांपूर्वी खांड गेली ती काशीभाऊच्या बापाच्या तुकड्यात. पोशा म्हात्रे. गावातला सगळ्यात तिखट कान त्याचा. शंका आली की लोक त्याला आपल्या तुकड्यावर बोलवायचे, "पोश्या, काय हाय रं खाली?" आणि पोशा कान लावून सांगायचा, उंदीर, चिंबोरी म्हणजे खेकडा, की नुसतं पाणी. त्या दिवशी तो आपल्या तुकड्यावर कान लावून होता, त्याला काही ऐकू आलं नाही, आणि त्याच्या पोटाखालून बांध गेला. तो स्वतः वाहत जाऊन दुसऱ्याच्या शेतात निघाला. पुढं तीन वर्षं त्या शेतांत भात झालं नाही.

गावचे बुजुर्ग हासूतात्या म्हणाले, "पोश्या झोपला होता."

पोशा म्हणाला, "जागा होतो. कान लावून होतो."

"मंग ऐकू का नाय आलं?"

बांध पुन्हा बांधला आणि त्या जागेला नाव पडलं, 'पोश्याची झोप'. नाव असं रुजलं की पुढं पुढं त्यात कुणाला थट्टासुद्धा वाटेना. पोश्याच्या झोपेवर चिंबोऱ्या चांगल्या मिळतात, पोश्याच्या झोपेपासून डावीकडं वळा, असं माणसं सहज बोलायची. पोशा त्यानंतर बांधावर गेला नाही. आता तो पुरता बहिरा झाला होता आणि दिवसभर ओट्यावर बसून असायचा.

"तात्याला उत्तर द्यायचं हाय," काशीभाऊ म्हणाला. "उंदीर एवढा हळू पोखरतो की माणसाला ऐकू येत नाय. कुणालाच नाय. घुबडाला येतं. हे गावासमोर दाखवायचं आणि ते नाव पुसायचं."

"म्हणजे बांधावर घुबड नेणार?"

"घुबड माझं ऐकल का? घुबडाचा कान नेणार. करून."

आता यात माझा हात कसा गुंतला ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका साहेबानं परदेशातून एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड मागवला होता. बोर्ड आला आणि साहेब आखातात गेला. खोका माझ्या रॅकवर पडून राहिला. आत एक काळी चौकोनी चिप, चारी बाजूंनी गोमेसारखे पाय फुटलेली, सोबत फ्लॉप्या आणि उशीएवढं पुस्तक. काशीभाऊ आयटीआय झालेला. त्यानं ते पुस्तक गाडीत येता-जाता वाचून काढलं आणि एक दिवस स्टोअरच्या खिडकीत येऊन उभा राहिला.

"बाकीच्या चिपा शिकून जन्माला येतात," तो म्हणाला. "ही कोरी येते. तार लावून सांगायचं, आजपासून तू घड्याळ, तर ती घड्याळ होते. कान हो म्हटलं तर कान होते. द्या."

मी दिली. परत करण्याच्या बोलीवर.

आधी त्यानं हा सगळा हिशोब स्टोअरच्या कॉम्प्युटरवर करून पाहिला होता. एका सेकंदाचा आवाज कॉम्प्युटरला दिला आणि उंदीर कुठं आहे असं विचारलं. सकाळी आठला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत आलं. तोवर तो उंदीर आजोबा झाला असेल.

"कॉम्प्युटर एकटा गडी हाय," काशीभाऊनं मला समजावलं. "एकेक रोप लावत जातो. चिपमधी वीस बाया एका ओळीत लावणीला उतरवायच्या. एकीनं जाडा आवाज ऐकायचा, दुसरीनं बारीक, तिसरीनं त्याहून बारीक. डाव्या कानाच्या वीस, उजव्या कानाच्या वीस. सगळ्या एकदम. आवाज चालू हाय तोवरच उत्तर आलं पायजे. उद्या सांगून काय उपेग? उद्या बांध नसतो."

वर्षभर तो शिफ्ट संपल्यावर माझ्या स्टोअरमध्ये बसून त्या चाळीस बायांना लावणी शिकवत होता. उत्तर दाखवायला जुन्या अलार्म पॅनेलचे आठ ओळींत आठ असे लाल दिवे जोडले. जिथून आवाज, त्या जागेचा दिवा लागणार. चिपला एक खोड होती. वीज गेली की ती शिकवलेलं सगळं विसरायची, पुन्हा पाटी कोरी. रोह्यात तेव्हा वीज जायला काही निमित्त लागत नसे.

"गावाला पण अशीच खोड पायजे होती," काशीभाऊ म्हणाला आणि पहिल्यापासून शिकवायला लागला.

राहिलं तोंड. घुबडाचं तोंड म्हणजे सूप, आवाज गोळा करून कानात ओततं. ते करून घ्यायला पेणला माझ्या शेजारच्या सदाशेठ मूर्तिकाराकडं आम्ही गेलो. काशीभाऊनं कागदावर माप काढून दिलं, उजवं भोक दोन बोटं वर, डावं दोन बोटं खाली. पंधरा दिवसांनी प्लॅस्टरचं तोंड तयार. इतकं देखणं की खरं घुबड त्याच्यापुढं ओशाळलं असतं. डोळ्यांत तर असा भाव की आता आशीर्वाद देतंय.

"मुकुट जोडून देऊ की वेगळा?" सदाशेठनं विचारलं.

मुकुट नको म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं. आम्ही भोकांमागं ऑर्केस्ट्रावाल्याकडचे दोन छोटे माइक बसवले, वरून मलमलीचं फडकं ताणलं आणि तोंड रोह्याला नेलं.

कंपनीत कुजबूज झाली होतीच. प्लँट मॅनेजर साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "माझ्या केबिनमध्ये रात्रंदिवस उंदीर कुरतडतो. दाखव तुझं यंत्र, कुठंय ते." साहेब टेबलामागं बसलेले, आम्ही दाराशी. सगळे गप्प. तोंड साहेबांकडं केलं. दिव्यांची एक उभी रांग लुकलुकली, बरोबर साहेबांच्या टेबलाच्या रेषेत. मग एक दिवा खाली जाऊ की वर जाऊ करत चढत चढत गेला आणि साहेबांच्या टकलाच्या उंचीवर जाऊन ठाम लागला.

दुसरा कुणी असता तर यंत्र बिघडलंय म्हणाला असता. काशीभाऊनं दिवा बघितला, साहेबांना बघितलं आणि सांगितलं, "साहेब, उंदीर तुमच्या डोक्यात हाय."

मेमो दुसऱ्या दिवशी आला. काशीभाऊनं उत्तर लिहिलं ते मी जपून ठेवायला हवं होतं. 'मी अपमान केलेला नाही. यंत्रानं सांगितलं ते सांगितलं. दिशा बरोबर होती, उंची चुकली असल्यास तपासून कळवतो. माफी मागत नाही.' चार दिवसांनी शिपायानं साहेबांच्या टेबलाचा सगळ्यात खालचा खण उघडला, तर उंदरीण सहा पिल्लांना घेऊन कागदाच्या चुऱ्यावर निजलेली. चुऱ्यात काशीभाऊच्या मेमोची ऑफिस कॉपी होती. त्यानंतर त्या मेमोचं कुणी नाव काढलं नाही.

पण उंची चुकली होती हे खरं. काशीभाऊनं तोंडाला दोरा लावून मापलं. दोन्ही भोकं एका रेषेत होती. केसाचा फरक नाही.

आम्ही तडक पेणला. गणपती महिन्यावर आलेले, सदाशेठच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

"मी सरळ केले," सदाशेठ शांतपणे म्हणाला. "तुमच्या कागदावर चूक झाली होती."

"चूक नव्हती. मुद्दाम होतं."

"मुद्दाम वाकडं? अहो, आमच्या तीन पिढ्या दोन कान एका रेषेत आणण्यात गेल्या. माझ्या हातून वाकड्या कानाचं तोंड बाहेर जायचं नाय. दुसरीकडं बघा."

काशीभाऊनं खिशातून चिकटपट्टी काढली, उजवा कान वर चिकटवला, डावा खाली चिकटवला आणि रंग न दिलेल्या गणपतींच्या पहिल्या रांगेत मांडी घालून बसला. "करून देणार तवा उठणार," म्हणाला. "नायतर चतुर्थीपर्यंत इथंच हाय." गिऱ्हाइकं यायला लागली. एका बाईंनी हात जोडले. ठाण्याहून आलेल्या एका मंडळवाल्यानं विचारलं, "शेठ, हा कुठला नवीन प्रकार?"

अर्ध्या तासात सदाशेठनं पटाशी हातात घेतली. सगळ्या मूर्तींकडं पाठ करून, कोपऱ्यात तोंड घालून त्यानं ती भोकं वर-खाली केली, आणि हे कुठं केलं ते कुणाला सांगायचं नाही अशी आमच्याकडून शपथ घेतली. ती शपथ मी आज मोडतोय, पण त्याचं नाव मी बदललंय.

पितृपक्षातली अवस आली. वर्षातलं मोठं उधाण, आणि पाणी ऐन दुपारी भरणार. आता अडचण अशी की चिप शिकवायचा कॉम्प्युटर रोह्याला आणि बांध कासूच्या पुढं. शिकवलेली चिप जिवंत ठेवून न्यायची, वाटेत क्षणभर वीज तुटता कामा नये. सकाळी स्टोअरमध्येच तिला मोटारसायकलच्या बॅटरीवर घेतली. यंत्र आणि घुबडाचं तोंड काशीभाऊच्या छातीशी, बॅटरी माझ्या हातात आणि आमच्या दोघांमध्ये हातभर तार. रोहा स्टेशनवर आम्ही असे चाललो होतो की जणू उपरण्याला शालूची गाठ मारली आहे.

निडीला भाजीच्या पाट्या घेऊन दोघी जणी चढल्या. एकीनं आम्हाला निरखून पाहिलं आणि दुसरीला म्हणाली, "लगीन लावलंय काय गो यांचं?"

"व्हय," काशीभाऊ म्हणाला. "मधनं जाऊ नका. तार तुटली तर याची शाळा परत पहिलीपासून."

नागोठण्याला डबा भरला तसा एकजण आमच्या मधूनच घुसायला बघत होता, त्याला त्या दोघींनीच दटावलं. कासूला आम्ही एकाच वेळी डावा पाय खाली ठेवून उतरलो. तिथून बांधापर्यंत तासभर चाल. बॅटरी पहिल्या दहा मिनिटांत पाच किलोची होती, शेवटी शेवटी ती माझ्या अंदाजानं म्हशीएवढी झाली.

बांधावर पोचलो तेव्हा पाणी बांधाच्या माथ्याखाली हातभरावर आलं होतं. एका बाजूला गढूळ खाडी फुगलेली, दुसऱ्या बाजूला तिच्या कितीतरी खाली पोटऱ्यात आलेलं भात. लांबवर माणसं आपापल्या तुकड्यावर पालथी पडलेली, फावडी बाजूला. हासूतात्या सत्तरी उलटलेले, पण त्यांच्या तुकड्यावर तेच स्वतः. मान वर करून त्यांनी आमची वरात बघितली.

"आज अवसेला, पितरांच्या दिवशी, घुबडाचं तोंड बांधावर आणलंस?" तात्या म्हणाले. "बाप झोपला, पोर येडा झाला."

"तुमचं ऐकून झालं की माझं बघा, तात्या," काशीभाऊ म्हणाला.

त्यानं सुरुवात पोश्याच्या झोपेपासून केली. तोंड मातीशी धरलं. दिवे लुकलुकले, इकडं एक, तिकडं एक. "चिंबोऱ्या," काशीभाऊ म्हणाला आणि पुढं सरकला. पुढचा तुकडा, त्याच्या पुढचा. काही नाही. मागं माणसं जमायला लागली. कुणी म्हणालं, "याला विचार, जेवणात आज काय हाय." हशा पिकला. काशीभाऊची पाठ घामानं भिजली होती, पण तो वळून बघत नव्हता. मीही बघत नव्हतो, कारण तो सरकला की मला सरकावं लागत होतं.

तात्यांच्या तुकड्यावर दिवा लागला. एकच. खालून तिसऱ्या ओळीत, आणि तिथून हलेना. काशीभाऊनं तोंड डावीकडं नेलं तर दिवा उजवीकडं गेला, उजवीकडं नेलं तर डावीकडं. जागा तीच.

"तात्या, कोपर उचला."

"का?"

"कोपराखाली उंदीर हाय. दोन हात खोल."

"काय नाय खाली. मगाधरनं कान लावून हाय मी."

"परत लावा. नीट ऐका."

तात्यांनी डोळे मिटून कान लावला. सगळा बांध गप्प झाला. मीही बॅटरी पोटाशी धरून पालथा पडलो आणि कान लावला. मला फक्त माझं काळीज ऐकू आलं आणि ते चांगलं चाललं नव्हतं.

"काय नाय," तात्या म्हणाले.

काशीभाऊनं यंत्र माझ्याकडं दिलं आणि फावडं उचललं. तात्यांनी दांडा धरला. "उधाणात बांध उकरतोस? काय नसलं खाली, नि तुझ्या फावड्यानंच खांड गेली तर?"

तात्या चुकीचं बोलत नव्हते. भरल्या पाण्याला बांधाला हात लावायला छाती लागते. मागची माणसं आता हसत नव्हती.

"गेली तर त्या जागंला माझं नाव द्या," काशीभाऊ म्हणाला. "तुमाला नावं ठेवायची सवय हाय."

त्यानं शेताच्या बाजूनं उकरायला घेतलं. हातभर गेला, कोरडी माती. दीड हात, कोरडीच. तात्या काही बोलणार होते. दोन हातांवर माती काळी आणि ओली लागली, पुढच्या घावाला भोक पडलं नारळाएवढं, त्यातून बोकडाएवढा उंदीर (बरं, बोक्याएवढा) तात्यांच्या पायावरून पळाला आणि त्याच्या मागून बोटभर पाण्याची धार आली.

मग कुणी कुणाला सांगितलं नाही. दहा-बारा माणसं खाली उतरली, चिखल, पेंढा, पुन्हा चिखल, पायांनी तुडवून कोंबला. धार करंगळीएवढी झाली, दोऱ्याएवढी झाली, थांबली. बांध राहिला. सगळे चिखलात माखलेले, धापा टाकत उभे. काशीभाऊनं फावडं रोवलं.

"तात्या, झोपला होतात?"

"नाय रं," तात्या म्हणाले. "जागा होतो."

"कान लावून होतात?"

"तुझ्यासमोरच होतो ना."

"मंग ऐकू का नाय आलं?"

तात्यांनी त्या भोकाकडं बघितलं. आपल्याला काय विचारलंय हे त्यांना कळलं होतं, आणि चौदा वर्षांपूर्वी तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं होतं.

"नाय आलं," ते म्हणाले.

"मोठ्यानं बोला."

"कान लावून होतो. जागा होतो. काय नाय ऐकू आलं," तात्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि खाली बसले.

मला वाटलं आता काशीभाऊ काहीतरी सुनावणार. ते भाषण तो वर्षभर गाडीत माझ्यापुढं म्हणून दाखवत होता. त्यानं माझ्या हातातून यंत्र घेतलं आणि गावाकडं चालायला लागला. तार हातभरच असल्यामुळं मलाही जावं लागलं. म्हणूनच पुढचं मी पाहिलं, नाहीतर ते त्यानं कुणाला कधी सांगितलं नसतं.

पोशाबाबा ओट्यावर बसले होते. काशीभाऊ त्यांच्यापुढं उकिडवा बसला. बोलून उपयोग नव्हता. चिखलानं भरलेले हात त्यानं बापाच्या हातात दिले. म्हाताऱ्यानं ती माती बोटांत चुरली, नाकाशी नेली.

"बिळातली हाय," ते म्हणाले.

काशीभाऊनं मान हलवली आणि त्यांना दंडाला धरून उठवलं. चौदा वर्षांनी पोशा म्हात्रे बांधावर चालत गेले. माणसं बाजूला होत गेली. आपल्या तुकड्यावर, त्या नावाच्या जागेवर, ते थांबले, आणि कुणी काही म्हणायच्या आत गुडघे टेकून पालथे पडले आणि मातीला कान लावला. त्या कानाला ढोल ऐकू येत नव्हता.

काशीभाऊ शेजारी बसला. एका हातानं घुबडाचं तोंड मातीशी धरलं, दुसऱ्या हाताचं बोट बापाच्या पाठीवर ठेवलं. मी बॅटरी धरून वाकून उभा. दिवा लुकलुकला की काशीभाऊ पाठीवर बोट वाजवायचा. एकदा. थांबून दोनदा. जरा बाजूला एकदा. आवाज आहे तोवरच. त्या वेळी त्याच्या तोंडावर जे होतं ते मी बारा वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. रुबाब नव्हता, ऐट नव्हती. लहान पोर शाळेतला धडा वडलांना वाचून दाखवतं, चुकू नये म्हणून जीव मुठीत धरून, तसं काहीतरी.

तात्या मागून आले. जपून खाली बसले. पोशाबाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांनी मान वळवल्यावर, ओठ वाचता यावेत असं सावकाश विचारलं, "पोश्या, काय हाय रं खाली?"

पोशाबाबांनी पुन्हा कान टेकवला. पाठीवर बोट वाजत होतं, एकदा, थांबून दोनदा.

"चिंबोऱ्या हायत," ते म्हणाले. "दोन. बांध बरा हाय."

तात्यांनी मान डोलावली. काशीभाऊचं बोट थांबलं नाही. माझे दोन्ही हात बधिर झाले होते, पण बॅटरी मी खाली ठेवली नाही.